थरच्या वाळवंटातले खुडी गाव आणि भोवतालचा माळ: सोलापूरहून जाऊन नीट कसे पाहावे

थरच्या वाळवंटात जायचे ठरवलेल्या सोलापूरकराने निघण्यापूर्वी एक समज घरीच ठेवावा, तो म्हणजे वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या. जैसलमेरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला पसरलेल्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात टेकड्यांचा वाटा साधारण एक पंचमांश इतकाच आहे. बाकीचा सारा प्रदेश खडकाळ सपाटी, खारट मातीचे खोलगट भाग आणि गवताचा माळ असा आहे. सहली नेणारे लोक मात्र दुपारी टेकडीपाशी उतरवतात, सूर्यास्ताला उंटावर बसवतात, रात्री नाचगाणे दाखवतात आणि सकाळी जैसलमेरला परत आणून सोडतात. अशा रीतीने जाऊन आलेली माणसे वाळवंट पाहिल्याचे सांगतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण ज्यासाठी इतक्या लांब जायचे ते बहुतेक सारे त्या टेकडीच्या पाठीमागे, माळावर असते; आणि माळ ओळखण्याची नजर आपल्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाकडे असतेच.

मी आजवर नऊ वेळा तिकडे गेले आहे आणि दर वेळी चार-पाच जणांना बरोबर नेले आहे. जाण्याचे मूळ कारण मात्र सोलापुरातलेच आहे. लहानपणी बार्शी रस्त्याने वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून नान्नजला गेले की गवतातून मान वर काढून उभा असलेला माळढोक दिसत असे. त्या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, त्याचे क्षेत्र सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. आज नान्नजला माळढोक दिसणे जवळपास संपलेले आहे. जगात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक सारे आता जैसलमेर जिल्ह्यात आहेत, तिकडे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. म्हणून खाली लिहिलेल्या प्रवासाचा गाभा खुडी गावापासून सुदासरीच्या माळापर्यंतचा टापू हा आहे, आणि सर्वांत जास्त शब्द मी तिथेच खर्च करणार आहे.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही सोलापूरच्या माणसाला जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वरच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक आणि गड्ड्याची जत्रा सोडून बाहेर जाणे जमत नाही, आणि जमवूही नये. यात्रा आटोपल्यावर जानेवारीअखेरीस निघावे. जैसलमेरचा मरु महोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमारास भरतो, ते दिवस टाळावेत, कारण त्या वेळी खोल्यांचे आणि गाड्यांचे दर वाढतात आणि टेकड्यांवर पाय ठेवायला जागा राहत नाही. अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडले तर रात्रीचे आकाश वेगळे मागावे लागत नाही.

उन्हाळ्यात जाऊ नये. आपण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत वाढलो, आपल्याला उन्हाचे काय, असे बोलणारे दर वर्षी भेटतात. सोलापूरच्या उन्हात कडुनिंबाची सावली, रसवंती आणि घरात माठ असतो. थरमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि डोळ्यांपुढे दोन-दोन कोस सावली नसते. शिवाय उन्हाळा आणि पावसाळा हाच माळढोकाच्या विणीचा मुख्य काळ असतो, आणि त्या काळात माळावर पाहुण्यांचे काम नाही.

पोहोचणे

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, मुंबईहून जोधपूर, जोधपूरहून रात्रीच्या गाडीने जैसलमेर. आरक्षण आधी करावे, एवढे सांगून हा विषय मी संपवते.

सामानात तीन वस्तू मात्र विसरू नयेत. पहिली म्हणजे आठ पटीची चांगली दुर्बीण. नसल्यास उसनी आणावी, कारण मोबाइलच्या कॅमेऱ्याने माळावर काहीही हाती लागत नाही. दुसरी म्हणजे कानटोपी आणि जाड लोकरी स्वेटर, कारण डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत पारा उतरतो आणि उघड्या जीपमध्ये तो त्याहूनही कमी वाटतो. सोलापुरी चादर जरूर न्यावी, पण ती दुहेरी करून घेतली तरी एकट्या तिच्या भरवशावर राहू नये. तिसरी म्हणजे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. ती आठ दिवस टिकते, पहाटे माळावर बसल्या जागी खाता येते आणि ज्यांच्या घरी उतरतो त्यांना देता येते.

गावात राहावे, तंबूत नव्हे

जैसलमेर स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच सम येथील तंबूंचे दर सांगणारी माणसे भोवती जमतात. त्यांच्याशी नम्रपणे बोलावे आणि काहीही ठरवू नये. सम जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे, तिथल्या टेकड्या सुंदर आहेत, पण मुक्कामाला ती जागा माझ्या मते अयोग्य आहे: रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक चालू असतात, दिव्यांमुळे आकाश फिके पडते आणि पहाटे टेकडीवर गाड्यांच्या चाकांच्या खुणांशिवाय काही उरत नाही. माझ्या पहिल्या सहलीत मी अशाच एका तंबूत उतरले होते आणि रात्रभर जागी राहिले. दुसऱ्या दिवशीची पहाट त्या जागरणात वाया गेली.

खुडी जैसलमेरच्या नैर्ऋत्येला साधारण ४५ किलोमीटरवर आहे. मातीच्या भिंती, त्यांवर पांढऱ्या रंगात काढलेली मांडणी, गवताने शाकारलेली गोल छपरे आणि गावाच्या कडेपासूनच सुरू होणारी वाळू, असे ते गाव आहे. तिथे घरगुती मुक्काम मिळतो. फोनवर दर ठरवताना जेवण, उंट आणि जीप यांचे पैसे वेगवेगळे विचारून घ्यावेत, म्हणजे नंतर वाद होत नाही. आधारकार्ड जवळ ठेवावे, कारण हा सीमाभाग आहे; त्याच कारणाने ड्रोन नेऊ नये आणि चौकीची किंवा जवानांची छायाचित्रे काढू नयेत.

घरात वागण्याबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगते. जैसलमेर भागात वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरपेक्षा कमी पडतो, आपल्याकडे साडेपाचशेच्या आसपास पडतो आणि तरी आपण अवर्षणप्रवण म्हणवतो. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरातून आपण जातो, तेव्हा पाहुणा म्हणून दोन बादल्या गरम पाणी मागताना आपल्यालाच संकोच वाटला पाहिजे. अर्ध्या बादलीत अंग धुता येते. बाजरीची जाड भाकरी म्हणजे सोगरा, केर-सांगरी आणि कढी असे जेवण असते, आणि ते वाढतात त्याच वेळी जेवावे. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची आपण पूजा करतो तिच्या शेंगांवर तिकडे दुष्काळात माणसे जगली आहेत, हे त्या जेवणात कळते. चटणीचा डबा घरातल्या मोठ्या बाईंच्या हातात द्यावा. मागच्या खेपेला त्यांनी चटणीला लसूण कमी पडल्याचे सांगितले होते.

टेकड्या

गावापासून पायी जावे, उंट हवाच असेल तर परतताना घ्यावा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचा उतार सौम्य आणि घट्ट असतो, तिथून चढावे. पलीकडचा उतार सुमारे तेहेतीस अंशांचा आणि भुसभुशीत असतो, त्यावरून चढू पाहणारा माणूस दोन पावले वर आणि दीड पाऊल खाली येतो. वाळूवर उमटलेल्या बारीक लाटा वाऱ्याच्या दिशेला आडव्या असतात, त्यामुळे त्या पाहून कोणती बाजू घट्ट हे आधीच ओळखता येते. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात परत फिरावे. पावलांचे ठसे वाऱ्याने पुसले जातात, सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसू लागतात, आणि गावाचा दिवा कोणत्या बाजूला आहे हे निघतानाच ध्रुवाच्या संदर्भाने लक्षात ठेवलेले नसेल तर माणूस गोंधळतो. पायांत बूट असावेत, कारण फुरसे हे या प्रदेशाचे जुने रहिवासी आहे.

सुदासरीचा माळ: इथे घाई केली की सगळे जाते

सुदासरी हा उद्यानातील माळढोकासाठी कुंपण घालून राखलेला भाग, सम आणि खुडी यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. वन विभागाची परवानगी आणि प्रवेश शुल्क लागते. त्याची चौकशी आदल्या दिवशी जैसलमेरमध्येच पूर्ण करावी, पहाटे दाराशी उभे राहून नव्हे. इथवर कोणीही पोहोचतो. पुढचे चार तास कसे घालवायचे हे मात्र मला तीन खेपांनंतर समजले.

पहिल्या खेपेला मी चहा, नाश्ता, गप्पा असे सगळे आटोपून साडेनऊला माळावर पोहोचले. आकाश निरभ्र, गवत सोनेरी, दुर्बीण उत्तम, आणि तरीही शंभर-दीडशे पावलांपलीकडचे सारे पाण्यात बुडाल्यासारखे थरथरत होते. जमीन तापू लागली की तिच्यावरची हवा हलते आणि दुर्बीण ती थरथर आठ पटींनी मोठी करून दाखवते. शेळी, झुडूप आणि पक्षी यांतला फरक त्यात कळत नाही. नान्नजला वडील अंधारात का उठवत असत, ते मला त्या दिवशी उमगले. तेव्हा नियम असा की गावातून अंधार असतानाच निघावे, सूर्य उगवताना माळाच्या कडेला पोहोचलेले असावे, आणि दहा वाजता दुर्बीण पिशवीत ठेवावी. सकाळ चुकली तर दुपारी चारनंतर पुन्हा जावे. मधल्या वेळेत माळावर फिरणे म्हणजे पेट्रोलची नासाडी आहे.

दुसऱ्या खेपेची चूक याहून मोठी होती आणि ती आजही मला बोचते. मी जीपचालकाला निघतानाच सांगितले की माळढोक दाखवलास तर ठरल्यापेक्षा पाचशे रुपये जास्त देईन. माझा हेतू वाईट नव्हता, पण त्या एका वाक्याने त्याचे काम बदलले. दूर गवतात एक पांढरी मान दिसताच त्याने चाकोरी सोडली आणि जीप सरळ माळावर घातली. पक्षी दोन-तीन पावले धावला, जड पंखांनी उठला आणि क्षितिजापर्यंत उडत गेला. मला माळढोक दिसला तो पाठमोरा, माझ्यामुळे पळून जाताना. चालकाने हसून मागे पाहिले तेव्हा मी त्याला पाचशे रुपये दिले, कारण शब्द दिला होता. पण त्या पैशांनी मी काय विकत घेतले ते मला ठाऊक होते.

म्हणून आता माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकासमोर मी चालकाला नेमके उलटे सांगते, आणि हीच या सबंध लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. त्याला आदल्या रात्रीच म्हणावे, “भैया, पक्षी दिसो वा न दिसो, पैसे तेवढेच देणार, गाडी चाकोरीच्या बाहेर गेली तर मात्र आम्ही तिथेच उतरून परत फिरू.” पैसे किलोमीटरवर न ठरवता वेळेवर ठरवावेत आणि त्यातला बहुतेक वेळ गाडी बंद करून उभे राहण्यात जाणार आहे, हेही सांगून ठेवावे. चालकांना आधी हे विचित्र वाटते, कारण त्यांना भेटणारे बहुतेक पाहुणे तासाभरात कंटाळून आणखी पुढे न्यायला सांगतात. एकदा विश्वास बसला की हीच माणसे उत्तम सोबती ठरतात. गवत कुठे चांगले उगवले आहे, मेंढरांचे कळप कोणत्या बाजूला गेले, भटकी कुत्री कुठे हिंडत आहेत, हे त्यांना पक्षीनिरीक्षकांपेक्षा जास्त ठाऊक असते.

आता प्रत्यक्ष शोधण्याविषयी. माळढोक वाळूच्या टेकडीवर शोधू नये. तो गवताळ सपाटीचा पक्षी आहे, नान्नजला होता तसाच. तिकडचे मुख्य गवत सेवण, ते आपल्या कुसळीपेक्षा उंच आणि झुपक्याझुपक्यांनी वाढते, आणि माळढोक त्या झुपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत चरत असतो. सकाळी आपण माळाच्या पूर्वेकडच्या कडेला थांबावे, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि समोरच्या पक्ष्याच्या मानेवर ऊन पडते. पांढरे, लाल किंवा भडक निळे कपडे घालू नयेत; आमच्यातल्या एका काकांना मी स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यावर मातकट शाल पांघरायला लावली होती आणि ते सकाळभर माझ्यावर रुसले होते.

दुर्बीण डोळ्यांना लावून इकडेतिकडे फिरवत राहणे ही नवख्यांची सवय असते. त्याऐवजी आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजाची रेघ पाहावी, मग दुर्बिणीने ती रेघ डावीकडून उजवीकडे, एका वेळी एका घराच्या रुंदीएवढी, सावकाश सरकवत न्यावी, आणि उजव्या टोकाला पोहोचल्यावर थोडी खाली घेऊन परत आणावी. काय शोधायचे तेही मनात पक्के हवे. सुमारे मीटरभर उंचीचा, तपकिरी पाठीचा, पांढऱ्या लांब मानेचा आणि डोक्यावर काळी टोपी असलेला तो पक्षी असतो. नराच्या छातीवर काळा पट्टा ठळक असतो आणि त्याचे वजन १५ किलोपर्यंत भरते. पण हे वर्णन जवळून पाहणाऱ्यासाठी झाले. दूरवरून तो शेताच्या बांधावरच्या चुना लावलेल्या खुंटासारखा दिसतो. एखादा खुंट मोजून ठेवलेल्या जागेपासून हलला की समजावे. मी तिसऱ्या खेपेला असे सात खुंट मनात नोंदवले होते. चाळीस मिनिटांनी सहाच उरले, आणि सातवा दोन झुडपे पलीकडे मान खाली घालून काहीतरी टिपत होता. मला बोलता येईना. शेजारच्या मुलीच्या हातात मी दुर्बीण दिली तेव्हा लक्षात आले की मी तिचे मनगट घट्ट धरून ठेवले आहे.

दिसल्यावर काय करावे, हेही शिकावे लागते. पहिली गोष्ट म्हणजे गाडीतून उतरू नये. माळावरचे पक्षी आणि चिंकारा उभ्या गाडीला सरावतात, पण दोन पायांवर चालणाऱ्या आकृतीला घाबरतात. दुसरी म्हणजे त्याच्याकडे लक्ष द्यावे, कॅमेऱ्याकडे नव्हे. तो खाली मान घालून चरत असेल तर आपण योग्य अंतरावर आहोत. तो मान ताठ करून निश्चल उभा राहिला तर त्याने आपल्याला पाहिले आहे, आणि तेव्हा बोलणेसुद्धा थांबवावे. तो सावकाश दूर चालू लागला तर आपण फार जवळ आलो आहोत. गाडी त्याच चाकोरीने मागे घ्यायला सांगावी, आणि एखादा म्हणाला की एकच फोटो काढू द्या, तर त्याला नकार द्यावा. तीनशे मीटरच्या आत मी जात नाही आणि कोणाला जाऊ देत नाही. एकटी मादी एखाद्या जागेभोवतीच घुटमळत असेल तर क्षणभरही न थांबता निघून यावे, कारण माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि मादी उठली की ते अंडे कोल्ह्याकुत्र्यांना मोकळे होते.

हा इतका काटेकोरपणा कशासाठी, असे विचारणारे असतात. या पक्ष्याची नजर बाजूंना चांगली असली तरी समोरचे त्याला कमी दिसते, शरीर जड असते, आणि उडताना समोर विजेची तार आली तर त्याला वेळेवर वळता येत नाही. थरमध्ये सौर आणि पवन ऊर्जेसाठी उभ्या राहिलेल्या तारांवर आदळून माळढोक मेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अशा तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तो प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सम येथे २०१९ पासून माळढोकांचे प्रजनन केंद्र चालते आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून झालेले पहिले पिल्लू जैसलमेरमध्ये जन्माला आले. केंद्र पाहुण्यांसाठी नसते, तिथे जाऊन ओळखी सांगू नयेत. उडवून लावलेला प्रत्येक पक्षी कुठल्या तरी तारेच्या दिशेने उडतो, हे डोळ्यांपुढे ठेवले की चाकोरी सोडण्याचा मोह राहत नाही. त्याच कारणाने छायाचित्रासोबत नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

नऊ खेपांपैकी चार वेळा मला माळढोक दिसला नाही. त्या सकाळी रिकाम्या गेल्या असे मात्र मी म्हणणार नाही. चिंकारांचे छोटे कळप, बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेले खोकड, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी गिधाडे, आणि आपल्याकडे दिसणाऱ्या धाविकाचा फिकट वाळूरंगी भाऊबंद, हे सारे त्याच माळावर असते. सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा, पाहायचा असेल तर फेब्रुवारीअखेरीस जावे. तो कडक थंडीत बिळातून बाहेर येत नाही, त्यामुळे डिसेंबरात त्याला शोधत बसू नये. वाटेत ओरण लागली तर थांबावे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली चराऊ जमीन, आपल्या देवराईसारखी. तिथले लाकूड तोडत नाहीत, आणि माळढोकाला उरलेल्या आसऱ्यांपैकी कित्येक अशा ओरणींत आहेत.

खडीन पाहिल्याशिवाय परतू नये

खुडीहून जैसलमेरला परतताना कुलधराकडे वळावे. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडून दिलेले हे गाव भुताखेतांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध केले गेले आहे, आणि वाटाडे त्याच गोष्टी रंगवून सांगतात. त्या ऐकून सोडून द्याव्यात आणि पालीवालांची खडीन दाखवायला सांगावे. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी खालच्या सखल जमिनीत मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते तिथे मुरू द्यायचे, उरलेले पाणी सांडव्यावाटे सोडायचे आणि त्या ओलीवर, वरून एकही पाणी न देता, रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा, अशी ती रीत आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नुसत्या ओलीवर येणारी ज्वारी ज्याने पाहिली आहे त्याला ही रीत एका नजरेत समजते. फरक इतकाच की आपल्याला ओल धरणारी जमीन आयती मिळाली आहे आणि त्यांनी ती बांध घालून वर्षानुवर्षांच्या गाळातून घडवली. जानेवारी-फेब्रुवारीत खडीन हिरवी असते. सभोवतीच्या पिवळ्या माळात तो हिरवा तुकडा पाहणे, ही माझ्या दृष्टीने टेकडीवरच्या सूर्यास्ताहून मोठी गोष्ट आहे.

आकल आणि खिचन

जैसलमेरपासून बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर आकल येथे दगड झालेल्या झाडांचे उद्यान आहे. साधारण १८ कोटी वर्षांपूर्वी इथे दमट जंगल होते. त्यातली उन्मळून पडलेली खोडे गाळाखाली दबली आणि हळूहळू त्यांच्या जागी खनिजे भरत जाऊन ती दगडाची झाली. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, म्हणजे तो लाव्हा वाहू लागला तेव्हाही ही खोडे अतिप्राचीन होती. एक तास पुरतो. तुकडे उचलून आणू नयेत, वाटेत कोणी विकत असेल तर घेऊ नयेत.

परतीच्या प्रवासात अर्धा दिवस हाताशी असेल तर जोधपूरच्या गाडीने फलोदीला उतरावे. तिथून जवळच खिचन गावात सप्टेंबर ते मार्च या काळात हजारो कांड्या करकोचे, म्हणजे तिकडच्या भाषेत कुरजां, उतरतात. गावकरी पिढ्यानपिढ्या त्यांच्यासाठी दाणे टाकत आले आहेत आणि २०२५ मध्ये या स्थळाचा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत समावेश झाला. दाण्यांची वेळ सकाळची असते, म्हणून आदल्या रात्री फलोदीत मुक्काम करावा आणि उजाडताच पोहोचावे.

परत आल्यावर

दुर्बीण कपाटात ठेवू नये. सुदासरीला शिकलेली रीत सोलापुरात जशीच्या तशी लागू पडते: अंधारात निघणे, सूर्य पाठीशी घेणे, गाडी बंद करून क्षितिज सरकवत पाहणे. आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी वन विभागाची परवानगी घेऊन नान्नजला जावे. काळविटांचे कळप नक्की दिसतात, धाविक दिसतो, नशिबात असेल तर गवताच्या कडेने जाणारा लांडगा दिसतो. मी तिथे अजूनही दर वेळी दूरवरचे पांढरे खुंट मोजते आणि चाळीस मिनिटांनी ते पुन्हा मोजते.